जंगल बदलायचं खरं, पण बियाणं कुठे असायचं?

सह्याद्रीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा, म्हणजे जिथे खाणीसारख्या गोष्टींवर बंधनं येतील त्या भागाचा, मसुदा केंद्राने जुलै २०२४ मध्ये सहाव्यांदा काढला, तेव्हापासून आमच्या गावाकडच्या ग्रुपवर एकच वाक्य फिरतंय : 'हवामान आधीपण बदलायचं, जंगलंपण बदलायची, मग आम्ही चार झाडं तोडली तर बिघडलं काय?' सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात रबर लावणारा हेच म्हणतो आणि चिऱ्याची खाण चालवणाराही हेच म्हणतो. मी मॉरिशसहून काही लिहिलं की थोरल्या चुलतभावाचं उत्तर ठरलेलं : "तू थंय बसान आमकां शिकवूं नको."

पण या वाक्याचा पुरावा मी राहतो त्याच बेटाच्या चिखलात आहे. तो अर्धाच वाचला जातो, म्हणून मला राग येतो.

गंगातलावापासून जवळच, ५६० मीटर उंचीवर कनाका नावाचं जुनं ज्वालामुखीचं विवर आहे. त्यात साठलेल्या कुजलेल्या पाल्याचा दहा मीटर लांबीचा गाभा काढून शास्त्रज्ञांनी थराथरातले परागकण मोजले. हिमयुगात तिथे विरळ, ओलसर रान होतं. सुमारे ११,५०० वर्षांपूर्वी घडी विस्कटली आणि पुढची चार हजार वर्षं ते रान स्थिरावलं नाही. चार वेळा झाडांचं राज्य पालटलं, आणि प्रत्येक पालट दीडशे वर्षांच्या आत उरकला. शेवटी उंच, घनदाट, थरांथरांचं जंगल उभं राहिलं. म्हणजे दादा, तुझं म्हणणं इथवर बरोबर आहे. जंगल बदलतं, आणि झपाट्यानेही बदलतं.

मग प्रत्येक वेळी नवी झाडं आली कुठून? एवढ्याशा बेटावर, जिथे सगळ्यात उंच डोंगर जेमतेम ८२८ मीटरचा आहे, तिथे रानाला सरकायला जागाच नाही. शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की ओढ्या-नद्यांच्या काठची ओली राई कुठल्याही हवामानात टिकून राहिली, आणि वरच्या रानाला जेव्हा जे लागलं ते तिथून पुरवलं गेलं. हा दुसरा अर्धा भाग ग्रुपवर कुणी फॉरवर्ड करत नाही.

विमानतळाजवळची मार ओ सोंज ही दलदल तर याहून बोलकी आहे. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मोठा दुष्काळ पडला, तेव्हा उरल्यासुरल्या पाण्याच्या आशेने आलेली महाकाय कासवं आणि डोडो तिथल्या खाऱ्या, विषारी झालेल्या पाण्यापाशी ढिगांनी मेले. त्यांची हाडं अजून निघतात. तरीही त्या दुष्काळात त्यांची प्रजाती संपली नाही. डोडो पुढे हजारो वर्षं जगला. डच १५९८ मध्ये उतरले, १६३८ मध्ये त्यांनी वस्ती केली, आणि त्याच शतकात डोडो गेला. त्यामागून कासवं गेली, म्हणजे बिया खाऊन लांब नेऊन टाकणारेच गेले. डचांनी आणलेला ऊस पुढे फ्रेंच आणि इंग्रज आमदानीत बेटभर पसरला. आज मूळचं चांगलं जंगल दोन टक्क्यांच्याही खाली आहे.

सुट्टीला लोक प्लेन शांपाईनच्या पठारावर गोयाव द शिन, म्हणजे बाहेरून येऊन इथे माजलेला छोटा लाल पेरू, तोडायला जातात. मीही जातो, आंबटगोड फळ आहे, मिरची-मीठ लावून खातात. पण त्या लाल पेरूच्या गचपणात वाकून बघा. वर एखादं इथलंच जुनं एबनीचं किंवा ताकामाकाचं झाड असतं आणि त्याखाली मनगटाएवढ्या गुळगुळीत खोडांची भिंत, हात घालायलाही फट नाही. त्या म्हाताऱ्या झाडाचं एक रोप खाली दिसत नाही. वाचवायचं तर कुंपण घालून, हाताने तण उपटूनच वाचवावं लागतं, आणि ते काम इथे वर्षानुवर्षं चालू आहे.

इथे कायद्यानेच नदीच्या दोन्ही काठांना १६ मीटर आणि ओढ्याला ८ मीटर पट्टा राखीव आहे. आपल्याकडे वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर थेट जेसीबी उतरतो. तरी आपल्याकडे राखायची रीत होतीच की! बांबर्डे-हेवाळ्याची दलदलीतल्या रानजायफळांची राई गावाने देवाची म्हणून जपली, कुठल्याही मसुद्याशिवाय. मग आज मसुद्याचं नाव काढल्यावर एवढं अंगावर का येतं?

दादाचा राग मला कळतो. इथल्या उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे ढिगारे आहेत, ते गिरमिटियांनी, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांनी, उपसून रचलेले. त्यांत रत्नागिरीकडून आलेलेही होते. इथल्या कास्काव्हेल गावी गणपतीत त्यांचे पणतू-खापरपणतू माझ्या शेजारी उभे राहून आरती म्हणतात आणि नंतर क्रेओलमध्ये गप्पा मारतात. हे बेट त्यांचं आहे. त्यांच्यात मी 'इंडियाहून आलेला', आणि गावात 'मॉरिशसवाला'. रान कुणाचं यावर मी तावातावाने बोलतो, त्यामागे ही खंत आहे, हे मी नाकारत नाही. आपण नक्की कुठले, हे मला आता ठामपणे सांगता येत नाही. सातबाऱ्यावर मात्र नाव आहे.

त्या सातबाऱ्यावरूनच आता वाजलंय. वहाळालगतचा तुकडा रबराला विकायचा म्हणून दादाने सहीसाठी कागद पाठवलेत. त्याला मुलीच्या फीला पैसे हवेत आणि ते खोटं नाही. वरच्या भरडावरचा, म्हणजे कोरड्या माळजमिनीतला, माझा हिस्सा त्याने घ्यावा, काजू लावावेत, काय करायचं ते करावं, मी एक पैसा मागणार नाही. पण वहाळाकडे भेरले माड आहेत, उंडी आहे, रातांबे आहेत. त्या कागदावर मी सही करणार नाही, हे त्याला फोनवर सांगितलंय. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.