आठ दिवसांत हनोई ते सायगॉन : तुमच्या दोन ताऱ्यांबद्दल

नमस्कार ताई,

आम्ही आखून दिलेल्या व्हिएतनामच्या सहलीबद्दलचा तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. दोन तारे आणि सहा तक्रारी: आठ दिवसांत चार हॉटेलं, ‘हा लाँग’ उपसागरातली रात्रीच्या मुक्कामाची बोट रद्द, होई अनमध्ये घोट्याच्या वर पाणी, हनोईत राष्ट्रनेते हो चि मिन्ह यांच्या समाधीचं बंद दार, आईंच्या जेवणाची आबाळ आणि वाटेतलं मोत्यांचं दुकान. तुमची फाइल काढून बसलो, म्हणून उत्तराला आठवडा लागला.

समाधीपासून सुरुवात करतो, कारण तिथे मला बोलायला जागाच नाही. ती सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते, इतर दिवशीही फक्त सकाळी उघडी. तुमचा हनोईतला दिवस सोमवार होता. आधीच्या एका ग्रुपचा कार्यक्रम घेऊन मी तारखा बदलल्या, वार पाहिला नाही.

बोटीचं तसं नाही. वादळाचा इशारा असला की बंदराचे अधिकारी बोटी सोडतच नाहीत, समोरचं पाणी कितीही संथ दिसो. पण दुसऱ्या दिवशी ऊन पडलं होतं आणि होई अनजवळच्या डा नांगचं विमान संध्याकाळचं होतं. निन्ह बिन्ह हनोईपासून गाडीने दोन तासांवर. हा लाँगसारखेच चुनखडीचे डोंगर, फक्त समुद्राऐवजी भातखाचरांतून वर आलेले. सकाळी नेऊन आणता आलं असतं. गाईडला सुचलं नाही आणि मीही फोन केला नाही. तुम्ही हॉटेलच्या लॉबीत बसून राहिलात, याचं मला बोटीपेक्षा जास्त वाईट वाटतं.

आता पावसाचं. आपल्याकडचा पाऊस संपून दिवाळीची सुट्टी लागते, नेमका तेव्हा मध्य व्हिएतनामचा पावसाळा भरात असतो. ईशान्येकडून समुद्रावरून येणारे वारे तिथल्या डोंगररांगेवर अडतात आणि ह्यूपासून होई अनपर्यंतचा किनारा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झोडपून काढतात. त्याच आठवड्यांत हनोईची हवा सुरेख असते. उत्तरेतलं हनोई ते दक्षिणेतलं सायगॉन, म्हणजे आताचं हो चि मिन्ह सिटी, रेल्वेने 1,726 किलोमीटर, तेव्हा एकाच सहलीत तीन हवामानं भेटणारच. होई अन तर थू बॉन नदीच्या काठावरच वसलेलं. तिथल्या जुन्या घरांच्या माळ्याला झडप ठेवलेली असते, पाणी चढलं की सामान तिच्यातून वर ओढून घेतात. ज्या गावाने घरं बांधतानाच पूर धरलाय, तिथे मी तुम्हाला भाऊबीज आटोपून पाठवलं, तेही पावसाबद्दल अवाक्षर न काढता.

माझ्या पहिल्या आराखड्यात हनोई, हा लाँग आणि निन्ह बिन्ह एवढंच होतं. होई अन, बा ना हिल्सच्या डोंगरावरचा सोन्याचा पूल आणि सायगॉन हवंच, असं तुम्ही फोनवर म्हणालात, ते खरं. पण तिथे ‘दिवाळीत नको, एप्रिलात जा’ हे सांगणं माझं काम होतं. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून मी ‘बसवतो’ म्हणालो. सारख्या बॅगा भराव्या लागल्या त्या यामुळेच. विमान सव्वा तासाचं असलं तरी हॉटेल ते हॉटेल अर्धा दिवस जातो, आणि अशी विमानं तुमच्या वाट्याला दोन आली.

‘मी सोन’ या जुन्या देवळांच्या जागेबद्दल तुम्ही फक्त एक ओळ लिहिलीत, मला मात्र तीच जास्त लागली. मध्य व्हिएतनामवर पूर्वी राज्य करणाऱ्या चाम राजांची ती शंकराची देवळं, संस्कृत शिलालेख, 1969 च्या अमेरिकी बॉम्बफेकीत पडलेल्या भिंती; आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे दुरुस्तीचं कामही केलंय. आईंना नेमकं तेच बघायचं होतं. पावसामुळे ते रद्द केलं आणि तिकिटं काढलेली होती म्हणून त्याच दिवशी बा ना हिल्सला चढवलं. 1,400 मीटरच्या आसपास, ढगात! पुलाचे ते दगडी दिसणारे हात तुम्हाला दिसले नाहीत यात नवल नाही. तो निर्णय निव्वळ मूर्खपणाचा होता. होई अनच्या कंदिलांचा आमच्या माहितीपत्रकातला फोटोही चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्रीचा आहे, तेव्हा जुन्या गावातले विजेचे दिवे घालवतात. एरवीही कंदील लागतात, पण तसं दिसत नाही. फोटोखाली आता तसं छापलं आहे.

जेवणाचं. आम्ही हॉटेलांना ‘व्हेजिटेरियन’ कळवलं होतं. तिकडे त्याचा अर्थ वरून मांस नको, एवढाच लावला जातो. रस्सा हाडांचा आणि चवीला माशांचं पाणी, नुओक माम. म्हणायचं असतं ‘चाय’; चहा नव्हे, तिथल्या भाषेत पूर्ण शाकाहारी. देवळांजवळच्या चाय खानावळी बौद्ध पद्धतीच्या, कित्येक ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्या आईंना तिथे पोटभर जेवता आलं असतं. त्यांनी चार दिवस केळी आणि घरच्या दशम्यांवर काढले, याबद्दल त्यांची माफी मागतो. त्यांना तसं सांगाल का?

एक मुद्दा मात्र मान्य नाही. मोत्यांच्या दुकानातून आम्हाला छदामही मिळत नाही. हा लाँगच्या रस्त्यावर गाड्या तिथे स्वच्छतागृहासाठी थांबतात आणि कमिशन जातं ते ड्रायव्हर-गाईडला. तरी पन्नास मिनिटं फार झाली. यापुढे पंधरा, असं तिथल्या एजंटला लिहून कळवलं आहे.

बोटीचे आलेले पैसे आणि त्या रात्रीच्या हनोईतल्या खोलीचं भाडं यांतला फरक, शिवाय बा ना हिल्सची चारही तिकिटं, ही रक्कम काल तुमच्या खात्यावर पाठवली आहे. सोमवारपर्यंत जमा झाली नाही तर ऑफिसला नको, थेट माझ्या मोबाइलवर फोन करा.