काका, जरा इथंच घ्या ना!

बसथांबा ही सामान्य माणसांची सोय आहे आणि तुम्ही सामान्य नाही. तुमच्या बिल्डिंगच्या गेटसमोर थांबा नसणं हा महापालिकेने खास तुमच्यावर आकसाने केलेला अन्याय आहे, आणि तो दूर करायची जबाबदारी बसच्या ड्रायव्हरवर येते. तेव्हा दोन थांब्यांच्या मधे गाडी थांबवून उतरायचं कसं, याबद्दल चार हिताच्या गोष्टी सांगतो. अनुभव दांडगा आहे. उतरण्याचा नव्हे, उतरणाऱ्यांच्या मागे बसून दातओठ खाण्याचा.

बेलच्या भानगडीत पडू नका. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, एवढंच तिला येतं. तुमच्या मेडिकलचं नाव तिला सांगता येत नाही. तुम्ही उठा, लोकांच्या पायांवरून वाट काढत पुढे जा आणि ड्रायव्हरच्या कानाशी म्हणा, "काका, जरा मेडिकलपाशी घ्या ना." तो तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान असला तरी काकाच. हातात पिशवी हवी. तिच्यातून शेवग्याच्या शेंगा बाहेर आलेल्या असतील तर फारच उत्तम. त्या त्याच्या डोळ्यांसमोर हलत राहतात आणि तो लवकर शरण येतो.

सांगायची योग्य वेळ म्हणजे तो चौकातून वळण घेत असताना.

गुडघेदुखी थांब्याच्या थोडं अलीकडेच सुरू करावी. रोज पहाटे टेकडी चढून येता, हे तिथे बोलू नये.

ड्रायव्हरने नियम सांगितला तर एसटीचा दाखला द्या. "अहो, एसटीवर लिहिलेलं असायचं, हात दाखवा, गाडी थांबवा!" लिहिलेलं असायचं, खरं आहे. ते साध्या गाडीसाठी, खेड्यापाड्याच्या रस्त्यासाठी. तिथे गाव असतं फाट्यापासून तीन किलोमीटर आत, पुढची गाडी दोन तासांनी, आणि डोक्यावर ज्वारीचं गाठोडं घेतलेल्या बाईला एक थांबा पुढे नेऊन सोडलं तर तिची दुपार गेली. तुमचा 'पुढचा थांबा' इथून दिसतो. त्यावरच्या नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छाही इथून वाचता येतात. पण हा फरक सांगायला तिथे कोणी नसतं, तेव्हा दाखला बिनधास्त द्या.

असेच काही गुणी लोक स्वारगेटला सातारा विनाथांबा गाडीत बसतात आणि खेड शिवापूर मागे पडलं की शिरवळला उतरवायची गळ घालतात. त्यांना मी काय शिकवणार.

मुलीकडे कॅनडात राहून आला असाल तर टोरंटोचं उदाहरण काढा. तिथे १९९१ पासून रात्री बाईमाणसाला दोन थांब्यांच्या मधे उतरू देतात, आणि २०११ पासून सगळ्यांनाच. मात्र ही सवलत रात्री नऊ ते पहाटे पाच एवढीच आहे, एक थांबा आधी सांगावं लागतं आणि पुढच्याच दाराने उतरावं लागतं, हा भाग गाळा. केरळच्या एसटीनेही २०२२ मध्ये रात्रीच्या गाड्या बायका, म्हातारी माणसं आणि अपंगांसाठी सांगाल तिथे थांबवायचं ठरवलं. योग्यच आहे. रात्री साडेदहाला एकटी मुलगी अंधाऱ्या थांब्याऐवजी उजेडातल्या दुकानापाशी उतरू म्हणाली, तर माझी काहीही तक्रार नाही. पण तुम्ही संध्याकाळी सहा वाजता, शेंगा घेऊन, टोरंटो सांगत असता.

आता मुख्य धडा. एकदा गाडी थांबली की आपण एकट्याने उतरू नये, पुण्य वाटून घ्यावं. शेंगा उतरताहेत म्हटल्यावर मागून कानात बोंडं घातलेला एक कॉलेजकुमार उठतो, मग फोनवर "हो, उतरतेच आहे" म्हणणारी एक बाई, मग "आता थांबलीच आहे तर" म्हणणारे आणखी दोघं. दार फुस्स करून मिटतं. गाडी हलते न हलते तोच पुढून आवाज येतो, "काका, त्यांना दिलंत ना उतरू? मग मला दत्तमंदिरापाशी का नाही?" बिनतोड मुद्दा! पुन्हा ब्रेक. उभ्या असलेल्या माणसांचं ओझं एकमेकांच्या अंगावर पुढे, मग मागे. गाडीत पन्नास माणसं आहेत आणि थांबायला-निघायला अर्धा मिनिट गेला, तर पन्नास माणसांची मिळून पंचवीस मिनिटं गेली. कोणाची ऐंशी पावलं वाचावीत म्हणून. त्या पन्नासांत कोणाची पुढची लोकल असते, कोणाचं पोर पाळणाघरात असतं आणि पाळणाघरवाल्या ताई उशिराचे पैसे लावतात. असू दे. तुमच्या शेंगा ताज्या राहिल्या पाहिजेत.

आणि थांब्यावर उभे असतात त्यांचं काय? गेल्या मंगळवारी संध्याकाळी पावसात आम्ही सात-आठ जण थांब्याच्या पत्र्याखाली उभे होतो. तो पत्रा नेमका मधोमध गळतो, त्यामुळे सगळे दोन्ही कडांना चिकटून. बस आली. दिसली. आणि आमच्या अलीकडे, मिठाईच्या दुकानासमोर थांबली. एक गृहस्थ दारात आले, पायरीवर उभं राहून छत्रीचं बटण दाबलं. उघडेना. पुन्हा दाबलं. मग खाली उतरून, वळून, ड्रायव्हरला हात करून "थँक्यू हं" म्हणाले. संस्कारी माणूस. तेवढ्यात पुढचा सिग्नल हिरवा झाला आणि बस उजवीकडची लेन धरून आमच्यासमोरून सरळ निघून गेली. आम्ही हात हलवले, एकाने चिखलातून धावून बसच्या पत्र्यावर थाप मारली. व्यर्थ! ड्रायव्हरच्या हिशेबाने या थांब्याला तो थांबून झाला होता. माझ्या शेजारी रात्रपाळीला निघालेली एक नर्स होती. तिने रिक्षाला हात केला, रिक्षावाल्याने पावसाचा भाव सांगितला, आणि काही न बोलता ती बसली. पुढची बस कधी आली ते विचारू नका. गृहस्थ तोपर्यंत घरी कपडे बदलून गरम भजी खात असणार.

असं रोज कुठे ना कुठे होतं, आणि याला आपण 'माणुसकी' म्हणतो. उतरणाऱ्याला माणुसकी, पत्र्याखाली भिजणाऱ्याला नाही. तो दिसतच नाही, तो बसमध्ये नसतो ना!

बरं, उतरताना डावीकडे बघू नका. बघितलंत तर उतरणार नाही. मधेच थांबलेली बस फुटपाथला कधीच लागत नाही, बस आणि फुटपाथ यांच्यात बरोबर एका स्कूटरएवढी फट राहते, आणि आपल्या गावात एका स्कूटरएवढी फट राहिली की त्यात स्कूटर येतेच. ओव्हरटेक उजवीकडून करायचा, हे सगळ्यांनी लायसन्सच्या परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं. एकदा एक आजी पदर सावरत खाली पाय टाकतच होत्या आणि पाठीवर चौकोनी डबा लावलेल्या पोराची बाइक घासून गेली. चप्पल उडून गटाराच्या जाळीवर पडली. आजींनी दाराचा दांडा सोडला नव्हता, म्हणून पाय वाचला. गाडीतले सगळे ओरडले. कोणावर? ड्रायव्हरवर! "दिसत नाही का, मधेच कशाला थांबवता?" त्यातल्या निम्म्यांनी त्याच महिन्यात कधी ना कधी ती मधेच थांबवायला लावली असणार.

इथे मला उपरोध सुचत नाही.

तुम्ही पडलात तर गुन्हा कोणावर दाखल होईल, कधी विचार केलाय? काका काका करून ज्याला ब्रेक मारायला लावलात त्याच्यावर. कोणी मेलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ त्याला लागेल, पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. निलंबन त्याचं, कोर्टाच्या तारखा त्याच्या. आणि तुम्ही जबाबात सांगाल, "ड्रायव्हरने रस्त्याच्या मधे उतरवलं." मेडिकलपाशी घ्या ना, हे कोणी म्हटलं होतं ते त्या कागदावर येणार नाही. त्याने नाही म्हटलं की तो उर्मट. वर तक्रार करायची धमकी देता, शेजारच्याला "यांना फार माज आलाय" असं ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगता. अहो, तो त्याचं काम करतोय! आठ-आठ तास हॉर्न ऐकत तो ते धूड या गर्दीतून नेतो, आणि तुम्ही त्याला घरगड्यासारखं दारापर्यंत सोडायला सांगता. तुम्हाला रिक्षा हवी होती तर रिक्षा करायची होती. बसच्या तिकिटात रिक्षा मागू नका.

गुडघा खरंच दुखत असेल तर एक थांबा आधी उठा, बेल मारा, थांब्यावर उतरा, हळूहळू चाला. पन्नास माणसं तेवढा वेळ देतील, आनंदाने देतील. दुखत नसेल तर गुपचूप चाला.

आणि थांब्यासमोर दिवसभर लावलेली ती पांढरी गाडी तुमचीच ना? ती काढा आधी. तिच्यामुळे बसला थांब्यावरसुद्धा कडेला लागता येत नाही.