जवारी सीडीत मावत नाही म्हणे!

गेले दोन महिने सांगली-मिरजेच्या गाणं ऐकणाऱ्या मंडळींत एक संदेश फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला, त्यातल्या एकानं दोनदा. मथळा असा: 'संगणकावरून खरा हाय-फाय आवाज हवाय? हे सहा नियम पाळा.' नियम थोडक्यात सांगतो. सीडीच्या दर्जाच्या फायली टाकून द्या, त्यांत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो झणकार, मावत नाही. 192 किलोहर्ट्झ, 24 बिटच्याच घ्या, म्हणजे सेकंदाला आवाजाची 1,92,000 मापं, तीही जास्त बारीक घेतलेली. फ्लॅक हा फाइल लहान करून ठेवणारा प्रकार आवाज 'दाबतो', म्हणून सगळं वेव्हमध्ये, म्हणजे न आवळलेल्या फायलींत ठेवा, जुनी एमपीथ्री गाणीसुद्धा वेव्हमध्ये बदलून घ्या म्हणजे दर्जा वाढेल. यूएसबी केबल चांदीची हवी, दहा हजारांच्या खालची नकोच. विंडोज आवाज बिघडवतं, त्याला वळसा घाला. स्पीकरमधून घूं ऐकू येत असेल तर प्लगची अर्थ पिन काढा, नाहीतर सिस्टिमसाठी वेगळं अर्थिंग करा. आणि बजेटचा निम्मा पैसा डॅकवर घाला, म्हणजे संगणकातल्या आकड्यांचा पुन्हा आवाजाचा विद्युतप्रवाह करणाऱ्या डबीवर.

यातला विंडोजचा नियम बराचसा खरा आहे. अर्थ पिनचा नियम जिवावर बेतणारा आहे. उरलेले खिशावर बेततात. खोली कशी आहे आणि स्पीकर कुठं ठेवलेत, याबद्दल मात्र अख्ख्या संदेशात एक ओळ नाही.

जवारीपासून सुरू करतो, कारण मिरजेच्या सतारमेकर गल्लीच्या इतक्या जवळ राहून हे ऐकून घेणं बरं नव्हे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गल्लीत जवारी काढताना कुणी पाहिलं असेल तर त्याला माहीत आहे की घोडीचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो. तार त्याला टेकत-सुटत थरथरते, खालचा सुती दोरा केसभर सरकवला की झणकार उघडतो. ऐकू येतो तो झणकार म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वर वर चढत जाणारे उपस्वर. संदेश लिहिणाऱ्याला वाटतं की ते इतके वर जातात की सीडीच्या हाती लागत नाहीत.

आकडे मांडून बघू. पुरुषाचा तंबोरा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळी पट्टीच्या सुरात लावला तर जोडाच्या म्हणजे मधल्या दोन तारा साधारण 139 हर्ट्झला (सेकंदाला तितकी कंपनं) आणि खर्जाची शेवटची जाड तार 69 ला. खर्जातून आपोआप उमटणारा, गवयांना इतका प्रिय असलेला स्वयंभू गंधार हा पाचपटीचा उपस्वर, म्हणजे 346 हर्ट्झच्या आसपास. सीडी एका सेकंदात आवाजाचे 44,100 नमुने, म्हणजे मापं घेते, त्यामुळे तिच्यात 22,050 हर्ट्झपर्यंतचं सगळं बसतं. जोडाच्या तारेचे दीडशेहून जास्त उपस्वर त्यात आले. तरुण कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो. पन्नाशी ओलांडलेला कान, आणि हा संदेश फिरवणारे आम्ही बहुतेक त्याच वयाचे, बारा-चौदा हजारांवर थकतो. जवारी सीडीत आरामात मावते. आमच्या कानात मावत नसेल तर ती गोष्ट वेगळी.

याच नियमात 'डिजिटल आवाजाचे जिने होतात' असंही एक वाक्य आहे. हे चित्र सगळीकडे दिसतं: गुळगुळीत लहर, आणि तिच्यावर पायऱ्या. ठिपक्यांची रांगोळी आठवा. ठिपके दिले म्हणून त्यांच्यामधून कशीही रेघ ओढता येत नाही, नियम पाळावा लागतो. इथं ठिपके म्हणजे ते नमुने, आणि नियम असा की नमुन्यांच्या वेगाच्या निम्म्याहून उंच स्वर त्यात नसावा. तो पाळला तर त्या ठिपक्यांतून जाणारी लहर एकच असते आणि ती गुळगुळीत असते. नायक्विस्ट या अभियंत्यानं 1928 मध्ये या विचाराचा पाया घातला आणि शॅनन या गणितज्ञानं 1949 मध्ये तो नीट मांडला. डॅकमधला फिल्टर नेमकी तीच लहर काढतो. पायऱ्या चित्रात असतात, स्पीकरच्या तारेत नसतात.

ऐकून पाहिलं तर? मेयर आणि मोरान या दोन संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण एकदा तसंच आणि एकदा सीडीच्या मापातून गाळून ऐकवलं होतं. 554 वेळा विचारल्यावर 276 उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. दुसरी बाजूही सांगतो. रीस या संशोधकांनी 2016 मध्ये अशा अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण 52 टक्क्यांच्या थोडं वर निघालं, कान तयार केलेल्या लोकांत त्याहून जास्त. म्हणजे फरक शून्यच आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तो असलाच तर इतका निसटता आहे की आधी खोलीतला पंखा बंद करावा लागेल.

मग 192 ची फाइल विकत घेतल्यावर ती वेगळी का वाटते? बहुतेक वेळा ती वेगळ्या मूळ प्रतीवरून, वेगळ्या हातानं तयार केलेली असते म्हणून. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या घ्या. खाँसाहेब 1937 मध्ये गेले. त्या काळच्या तबकडीवर आठ-दहा हजार हर्ट्झच्या वर गाणं जवळपास नसतंच, असतो तो सुईचा खरखराट. तो खरखराट 192 मध्ये उतरवून काय मिळणार? तिथं खरी मेहनत वेगळी असते: सुई कुठली लावली, तबकडी नेमक्या किती वेगानं फिरवली. त्या वेळी सगळ्या तबकड्या बरोबर 78 फेऱ्यांवर भरल्या जात नसत. वेग चुकला की खाँसाहेबांचा षड्ज चढतो किंवा उतरतो, आणि हे मात्र सांगलीतला कुणीही साधा कानसेन पकडेल.

फ्लॅकचं लवकर आटोपतो. 2001 पासून हा प्रकार फुकट मिळतो. फाइल साधारण निम्मी होते आणि उलगडली की मूळचा प्रत्येक बिट जिथल्या तिथं परत येतो. तसा तो आला की नाही हे तपासायची खूण फाइलीतच असते. एमपीथ्रीचं तसं नाही, तिच्यात काही भाग कायमचा टाकून दिलेला असतो. तिला वेव्ह केलं तर फाइल फुगते, गाणं तेच राहतं. ताकाचं पुन्हा दूध होत नाही.

आता चांदीची केबल. सीडीच्या दर्जाचं स्टिरिओ संगीत सेकंदाला जेमतेम 14 लाख बिट पाठवतं. यूएसबी 2.0 ची क्षमता 48 कोटींची आहे. हल्लीचे बहुतेक डॅक असिंक्रोनस पद्धतीचे असतात, म्हणजे घड्याळ डॅकचं चालतं आणि संगणकानं फक्त माल पुरवायचा. केबल खरंच खराब असली तर संगीताचा माल पुन्हा मागवायची सोय नसते, त्यामुळे चट्-चट् ऐकू येतं, आवाज तुटतो. 'गंधार जरा पडदानशीन झाला', 'तार सप्तक मोकळं झालं' असले बारीक फरक बिट हरवून होत नसतात. पाच मीटरच्या आतली, घट्ट बसणारी, दोन-तीनशे रुपयांची केबल घ्या आणि विसरून जा.

दुकानात मात्र फरक ऐकू आला होता, असं म्हणणारे भेटतील. त्यांना खोटं पाडत नाही. दोन आवाजांत एक डेसिबलचा फरक असला तरी मोठा तो आपल्याला 'जास्त चांगला' वाटतो, 'जास्त मोठा' वाटत नाही. घरी दोन डॅक ताडून बघायचे असतील तर 100 हर्ट्झचा एकसारखा स्वर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरा आणि व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळवा. स्वर 100 चाच घ्या. स्वस्तातला मल्टिमीटर घरच्या 50 हर्ट्झच्या लाइटसाठी केलेला असतो, उंच स्वरांना तो चुकतो. दोन फायली ताडायच्या असतील तर फूबार या संगणकावरच्या प्लेअरमधली एबीएक्स चाचणी लावा: वाजतंय ते 'अ' की 'ब', हे नाव न बघता ओळखायचं. सोळा फेऱ्यांत बारा किंवा जास्त बरोबर आल्या तर नुसत्या नशिबानं तसं होण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी. 192 विरुद्ध सीडी या सामन्यात माझे नऊ आले. घरच्यांना मी दहा सांगितले होते.

विंडोजचा नियम मी बराचसा खरा म्हटलं. विंडोज सगळ्या आवाजांचं एकत्र मिश्रण करतं आणि तुम्ही ठरवून ठेवलेल्या एकाच मापात ते बदलतं. हा बदल एरवी कानाला कळत नाही. खरा घात करतात ते 'एनहान्समेंट्स' नावाखालचे आवाज फुगवण्याचे प्रकार, ते आधी बंद करा. साउंडच्या सेटिंगमध्ये डॅकसाठी 24 बिट, 44,100 निवडा. प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह हा पर्याय घेतला तर प्लेअर आणि डॅक यांच्यामध्ये दुसरं कुणी येत नाही. त्याचा सगळ्यात मोठा फायदा मला विचाराल तर हा, की भैरवी रंगात आलेली असताना मेल आल्याची 'टिंग' वाजत नाही.

अर्थिंगकडे येतो, आणि इथं थट्टा नको.

संगणक आणि अँप्लिफायर दोघेही अर्थला जोडलेले असतील, वर ऑडिओची केबलही त्यांना आपसात जोडत असेल, तर एक वेटोळं तयार होतं. त्यातून फिरणारा बारीकसा प्रवाह स्पीकरमध्ये 50 किंवा 100 हर्ट्झची घूं बनून येतो. अर्थ पिन काढली की वेटोळं तुटतं, घूं थांबते, आणि माणसाला वाटतं जमलं. पण ती पिन अँप्लिफायरच्या आत फेज निसटून पत्र्याला लागली तर तुम्हाला वाचवण्यासाठी आहे. पिन नसेल तर तो पत्रा जिवंत होतो आणि नॉब फिरवायला गेलेला हात अर्थचं काम करतो. काही उपकरणांना मुळातच दोन पिना असतात, ती दुहेरी आवरणाची असतात आणि त्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्यांचं उदाहरण देऊन तीन पिनांच्या उपकरणाची तिसरी पिन कापू नये.

वेगळ्या अर्थिंगचा सल्लाही तितकाच वाईट. अंगणात मीठ-कोळसा घालून नवा खड्डा केला आणि तो घराच्या अर्थिंगला जोडला नाही, तर दोन अर्थिंगांच्या व्होल्टेजमध्ये फरक पडतो. घूं वाढू शकते. वळवाच्या पावसात जवळ वीज पडली तर त्या दोन खड्ड्यांमधला हजारो व्होल्टचा फरक तुमच्या अँप्लिफायरमधून वाट काढतो. घराचं अर्थिंग मात्र नीट आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या. आमच्याकडे उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या यायच्या, दोन बादल्या पाणी ओतलं की थांबायच्या.

माझ्या घरच्या घूंचा चोर शोधायला तीन रविवार गेले. चार्जर काढला, फरक नाही. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणलं, थोडी कमी झाली. शेवटी संगणकाला जोडलेल्या टीव्हीची केबलवाल्याची वायर सेट-टॉप बॉक्समधून उपसली, आणि एकदम शांतता. ती वायर भलत्याच ठिकाणी अर्थ झालेली होती आणि तिथला प्रवाह माझ्या डॅकमधून फिरून येत होता. संगणक ते डॅक ऑप्टिकल केबल लावली आणि प्रश्न मिटला. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे वेटोळंच होत नाही. खर्च चारशे रुपये.

राहता राहिला डॅक. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून सूं येत असेल तर बाहेरचा डॅक जरूर घ्या. पण दोन-तीन हजारांच्या चांगल्या डॅकचा दोषही आता कानाच्या खाली असतो. पैसे राहिले तर स्पीकरवर घाला, आणि त्याआधी एक टेप घेऊन खोली मोजा.

माझी खोली सोळा फूट लांब. खाली फरशी, वर स्लॅब, भिंती उघड्या. मधोमध टाळी वाजवली की 'टर्र' असं उत्तर यायचं. जमखाना अंथरला, पुस्तकांचं कपाट बाजूच्या भिंतीला नेलं, ती टर्र गेली. पण डग्ग्याची घुमक आणि खर्जाचं अंग काही येत नव्हतं. मापायचा मायक्रोफोन आणि आरईडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावून पाहिलं, तर 70 हर्ट्झला आलेखात खड्डा. कारण साधं निघालं. सोळा फुटांच्या दोन भिंतींमध्ये 35 आणि 70 हर्ट्झच्या लहरी अडकून उभ्या राहतात. त्यातली 70 ची लहर भिंतीपासून बरोबर चार फुटांवर नाहीशी होते, आणि माझी खुर्ची मागच्या भिंतीपासून बरोबर चार फुटांवर होती. खर्ज काळी एकचा 69. खोलीतला सगळा खर्ज मला सोडून बाकीच्या कोपऱ्यांना मिळत होता! तंबोऱ्याचा स्वर उपस्वरांवरून कळायचा, पण त्याला बूड नसायचं.

अशा खड्ड्यात इक्वलायझरनं, म्हणजे निवडक स्वर कमी-जास्त करणाऱ्या सोयीनं, कितीही ढकला, भरत नाही, अँप्लिफायर तेवढा दमतो. पडदे, अंड्यांचे ट्रे यांचा 70 हर्ट्झला स्पर्शही होत नाही. मी खुर्ची दोन फूट पुढं घेतली. खर्ज आला. उरलेला एक फुगवटा इक्वलायझर एपीओनं थोडा खाली दाबला, तेही सॉफ्टवेअर फुकटच. स्पीकर कानाच्या उंचीला आणले, भिंतीपासून दोन फूट सोडून, एकमेकांत आणि माझ्यात सारखं अंतर ठेवून.

हे सगळं मी संदेश दोनदा पाठवणाऱ्या स्नेह्यांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "पटतंय हो सगळं, पण केबल कालच आली." मी विचारलं, स्पीकर कुठं ठेवलेत? "शोकेसमध्ये. एक उभा मावतो, एक आडवा. मधे समई आहे ना."