अजून किती सतरंज्या उचलायच्या?

परवा फॅमिली ग्रुपवर नानाकाकांनी परत तेच लिहिलं, आजकालच्या पोरांना राजकारणात डायरेक्ट तिकीट पाहिजे, आधी दहा-पंधरा वर्षं सतरंज्या उचला मग बोला. इथे डब्लिनच्या ट्राममध्ये, लुआसमध्ये, उभ्याउभ्या वाचलं आणि डोकंच फिरलं. कारण २०१७ साली लिओ वराडकर इथे आयर्लंडचा पंतप्रधान झाला तेव्हा याच काकांनी अख्ख्या ग्रुपला पेढ्यांचे फोटो पाठवले होते, वडील मालवण तालुक्यातले, म्हणजे आपलाच पोरगा म्हणून. तो पोरगा तेव्हा ३८ वर्षांचा होता हो काका!

आणि लांब कशाला, शरद पवार १९७८ मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा त्यांचं वय ३७. तेव्हा महाराष्ट्राला ते वय चाललं. आता जागा सोडायची वेळ आली की सगळ्यांना अनुभव आठवतो. आमच्या वाडीतला माझ्या वर्गातला एक मित्र, आडनावाला काही वजन नाही, वीस वर्षं प्रचाराच्या गाडीमागे फिरतोय, बॅनरवर सगळ्यात खालच्या रांगेत त्याचा एवढासा फोटो असतो आणि तिकीट मात्र साहेबांच्या चिरंजीवांना. त्याने अजून किती उचलायच्या?

इथे घराणेशाही नाही असं नाही, लिओच्या आधीचे पंतप्रधान एन्डा केनी १९७५ साली वडील गेल्यावर त्यांच्याच जागेवर निवडून आले. पण लिओ मार्च २०२४ मध्ये, ४५व्या वर्षी, या कामाला आता मीच सगळ्यात योग्य आहे असं वाटत नाही असं सांगून बाजूला झाला आणि ३७ वर्षांचा सायमन हॅरिस आला. हे असं आपल्याकडच्या एका तरी नेत्याच्या तोंडून ऐकायचंय मला.

एवढं सगळं टाइप केलं आणि पाठवलं नाही. काका एकच विचारतील, तू मत दिलंस का? ७ मे २०२४ ला रत्नागिरी-सिंधुदुर्गचं मतदान होतं, पासपोर्ट अजून भारताचाच आहे, पण मत तिथे जाऊनच द्यावं लागतं आणि मी गेलो नाही. विमानाचं तिकीट महाग होतं हे खरं, सुट्टी गणपतीसाठी राखून ठेवली होती हेही खरं. बरोबर महिन्याने ७ जूनला इथल्या स्थानिक कौन्सिलसाठी मात्र मत दिलं, उमेदवारांपुढे पसंतीप्रमाणे पेन्सिलने १, २, ३ लिहिलं आणि बाहेर आल्यावर सवयीने बोटाकडे बघितलं. शाई नव्हती. वाईट वाटलं, का ते बायकोला नीट सांगताही आलं नाही.

त्या ७ मेला मित्र सकाळपासून बूथबाहेर टेबल टाकून बसला होता. संध्याकाळी त्याने शाईच्या बोटाचा फोटो पाठवला. मी त्याला नुसता अंगठा पाठवला.