माड का तोडले? वेंगुर्ल्याच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. तुम्ही सवड काढून एवढी मोठी प्रतिक्रिया लिहिलीत, तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही. वय 71 आहे असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते.

हिंदी महासागरातल्या सेशेल्समधल्या कझिन बेटावर मी पहिल्यांदाच गेले, त्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. बेटाला 'निर्जन' म्हटलं आणि पुढच्याच परिच्छेदात तिथले रखवालदार आम्हाला बोटीतून न्यायला आले असं लिहिलं. दुसरं, मुंबईहून विमानाने धूर सोडत जायचं आणि वर निसर्ग राखायच्या गोष्टी सांगायच्या. आणि तिसरं, जे तुमच्या जिव्हारी लागलंय: "पक्ष्यांसाठी माड तोडले आणि तुम्ही त्याचं कौतुक करता? आमच्याकडे माडावर कोयता चालवायच्या आधी हात जोडतात."

पहिलं अगदी बरोबर. जी माणसं तिथे राहून बेट सांभाळतात, त्यांनाच मी एका शब्दात पुसून टाकलं. तो शब्द आज काढला. विमानाचंही खरं आहे. आमच्या प्रवेश फीतून बेटाचा खर्च निघायला मदत होते, पण त्याने धूर फिटत नाही. त्यावर मी वाद घालणार नाही.

माडांबद्दल मात्र बोलायचंय. लेखात मी ती गोष्ट एका वाक्यात उरकली, तिथेच घोटाळा झाला. माझं आजोळ नागावचं. आजी पडलेली झावळीसुद्धा वाया जाऊ द्यायची नाही, हीर काढून केरसुणी करायची. त्यामुळे कझिनवर माड काढल्याचं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याही पोटात कालवलं.

हे बेट जेमतेम 27 हेक्टरचं. खोबऱ्यासाठी त्यावर माडांची लागवड झाली आणि मूळचं रान जवळजवळ संपलं. त्या रानात एक छोटा, मातकट रंगाचा पक्षी राहायचा, सेशेल्स वॉर्बलर. आपल्या वटवट्यांच्या गोतावळ्यातला. 1960च्या दशकात तो तिशीच्या आसपास उरला होता, तोही फक्त या बेटावर, उरल्यासुरल्या झुडपांत. जगात दुसरीकडे कुठेच नाही. हा पक्षी पानांच्या खालच्या बाजूचे किडे टिपून खातो. मी त्याला हातभर अंतरावरून पाहिलं. पिसोनिया नावाच्या झाडाच्या रुंद, मऊ पानाखाली मान वाकडी करून तो बघायचा, टिपायचा, की लगेच पुढचं पान. एक पानही सोडत नव्हता. झावळ्यांवर त्याचं पोट भरत नाही.

1968 साली पक्षी संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने (आज तिला बर्डलाइफ इंटरनॅशनल म्हणतात) हे बेट विकत घेतलं. माड हटवले, नवी रोपं वाढू दिली नाहीत आणि मूळच्या झाडांना जागा करून दिली. पिसोनिया वाढले. बारतोंडीही वाढली. हो, आपल्या कोकणातलीच! वाटाड्याने ते खडबडीत फळ दाखवलं तेव्हा मी मोठ्याने "अगं बाई, बारतोंडी!" म्हणाले. 1982पर्यंत त्याच बेटावर वॉर्बलर तीनशेच्या वर गेले. 1988 साली त्यातले 29 पक्षी सेशेल्समधल्याच अरिद बेटावर नेऊन सोडले, पुढे आणखी तीन बेटांवर. वादळ आलं, रोग आला, तरी सगळे एकदम जाऊ नयेत म्हणून.

काका, माड उष्ण कटिबंधात किनाऱ्याकिनाऱ्याला आहे. माणसाने तो नेला, लावला, जपला, त्याला आपली गरज आहे आणि आपल्याला त्याची. या पक्ष्याचं तेवढं एकच बेट होतं. माडाबद्दल माझ्या मनात तसूभरही कमी आदर नाही. पण मला निवड करायला सांगितली असती, तर मी हात जोडले असते आणि तेच केलं असतं.

आणि हे काम एकदा माड तोडून संपलेलं नाही. नारळ पडला की रुजतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं! पायवाटेच्या कडेला कोंब फुटलेला एक नारळ होता. आमच्याबरोबरच्या रखवालदाराने चालता चालता वाकून तो उपटला. बोलणंसुद्धा थांबवलं नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं. बेट नुसतं मोकळं सोडलं असतं तर त्यावर माडच जिंकला असता.

तशीच दक्षता उंदरांबाबत. आमची बोट किनाऱ्याला लागू दिली नाही. बेटाच्या स्वतःच्या होडीत आम्हाला घेतलं आणि ती लाटेवरून वेगात थेट वाळूवर चढवली. बाहेरच्या बोटीतून एक गाभण उंदरीण उतरली तरी संपलं. तिथला पांढरा सुरय घरटंच करत नाही, उघड्या फांदीवरच्या खोबणीत एकच अंडं ठेवतो. ट्रॉपिकबर्ड नावाचा समुद्रपक्षी झाडाच्या बुंध्याशी जमिनीवर बसलेला असतो, आपण शेजारून गेलो तरी उठत नाही. उंदीर काय असतो हे त्यांना माहीतच नाही. पर्यटकांनाही सकाळचे काही तासच, मुक्काम नाही. (डास मात्र भयंकर. हे लेखात राहिलं होतं, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.)

शेवटी तुम्ही लिहिलंत, "आमच्या वेंगुर्ल्यासमोरच्या बेटांवर पाकोळ्या आहेत, त्या बघायला कोण येतं?" मी आलेली नाही, आणि याची मला मनापासून खंत आहे. त्या पाकोळ्यांची घरटी चोरीला जायची एवढं वाचून माहीत आहे, पाहिलेलं काहीच नाही. यायचं आहे. पण बेटावर पाय न ठेवता, होडीतूनच त्या दिसतील का? आणि त्यांची अंडी-पिल्लं कोणत्या महिन्यांत असतात? ते महिने टाळूनच गोरेगावहून निघेन. तेवढं कळवा.