बोलता येतं, मग व्याकरण कशाला? एका फिरत्या संदेशाला उत्तर

पालकांच्या, शिक्षकांच्या, माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश अधूनमधून येत असतो. शब्द इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच राहतात. मूल कुणी नाम-सर्वनाम न शिकवताच बोलायला लागतं, तेव्हा मातृभाषेचं व्याकरण शिकवणं म्हणजे वेळ वाया घालवणं. मराठीत शब्द कुठेही ठेवले तरी अर्थ कळतो, म्हणून वाक्यरचनेचे धडे निरर्थक. शब्दांच्या आठ जाती इंग्रजांनी आपल्या माथी मारल्या. व्याकरण हे बोली बोलणाऱ्यांना हिणवायचं हत्यार आहे. आणि आता मोबाइल सगळं दुरुस्त करून देतो.

मी मराठी शिकवते. हा संदेश पुढे पाठवणारी बहुतेक माणसं मराठीवर प्रेम करणारी असतात, म्हणूनच त्याला उत्तर द्यावंसं वाटतं. यातला एकही मुद्दा पूर्ण खरा नाही. काहींत खऱ्याचा अंश आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष भलताच आहे.

बोलता येतं म्हणजे व्याकरण येतंच, हा पहिला मुद्दा. मराठी घरातलं पाच वर्षांचं मूल "मी आंबा खाल्ला", "मी चिंच खाल्ली", "मी केळं खाल्लं" हे न चुकता बोलतं. खाणारं तेच, तरी क्रियापद प्रत्येक वेळी खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदललं. हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. इथपर्यंत संदेश बरोबर आहे.

पण आता वर्गात शेजारी बसलेल्या मुलाचा विचार करा, ज्याच्या घरी गुजराती, तमिळ किंवा भोजपुरी बोलतात. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. अशी मुलं आज लाखांनी मराठी शिकतात, आणि त्यांना ती घरात ऐकून येणार नाही. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत येणाऱ्या मुलांचंही तसंच आहे. आजी-आजोबांशी बोलण्यापुरती मराठी कानावर पडते, बाकी दिवसभर इंग्रजी. हे मूल "मी पोळी खाल्लो" म्हणतं. त्याला "चूक, खाल्ली म्हण" एवढंच सांगितलं तर ते एक वाक्य सुधारेल आणि पुढच्या वाक्यात "मी पत्र लिहिलो" म्हणेल. क्रियापद सकर्मक असेल आणि भूतकाळ असेल, तर ते कर्माचं ऐकतं, एवढं कळलं की शेकडो वाक्यं एकदम जागेवर येतात. मग अपवाद सांगता येतात: शिकणे, विसरणे, बोलणे, पिणे ही क्रियापदं कर्म असूनही कर्त्याचंच ऐकतात. "मी कविता शिकलो", "ती डबा विसरली", "तो दूध प्यायला". मातृभाषकाला हे अपवाद आहेत याचा पत्ताही नसतो, आणि म्हणूनच मुलाने विचारलं तर त्याला उत्तर देता येत नाही.

मातृभाषकाला तरी पुरतं का? बोलताना आपली वाक्यं छोटी असतात. लिहिताना ती लांबतात, आणि तिथे कान दगा देतो. या धर्तीचं वाक्य कुठल्याही सूचनाफलकावर सापडेल: "योजनेत पात्र ठरलेल्या महिलांच्या खात्यात अनुदानाचे पहिला हप्ता जमा करण्यात आले आहे." लिहिणारा मराठीच आहे. घरी तो "हप्ता जमा झाला" असंच म्हणतो. पण खात्यात, अनुदानाचे, महिलांच्या या गर्दीत जमा काय झालं हे त्याच्या हातून सुटलं. क्रियापद शोधायचं, ते कुणाचं ऐकतंय ते पाहायचं, त्या नामाचं लिंग-वचन तपासायचं. ही सवय असती तर "अनुदानाचा पहिला हप्ता जमा करण्यात आला आहे" हे आपोआप आलं असतं. ही सवय बोलण्यातून येत नाही. कुणीतरी ती लावावी लागते.

शब्दांच्या जातींचंही असंच. "घरा समोर", "माझ्या मुळे", "टेबला खाली" असं तोडून लिहिलेलं रोज दिसतं. इथे पाठांतराचा प्रश्नच नाही. "तो समोर आला" यात समोर स्वतंत्र आहे, क्रियेबद्दल सांगतंय, म्हणून सुटं. "घरासमोर" यात ते घराला चिकटलंय, घराचं रूप बदलून, म्हणून जोडून. शब्द तोच, वाक्यातलं काम वेगळं, म्हणून जात वेगळी. ज्याला क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अव्यय यांतला फरक दिसतो त्याला जोडायचं की तोडायचं हे प्रत्येक शब्दासाठी वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

दुसरा मुद्दा शब्दक्रमाचा. "आंबा रामाने खाल्ला", "रामाने आंबा खाल्ला", "खाल्ला रामाने आंबा": अर्थ तोच राहतो, हे खरं. पण तो का राहतो, हे संदेश सांगत नाही. रामाला "ने" लागलाय आणि क्रियापद आंब्याप्रमाणे पुल्लिंगी झालंय, म्हणून जागा बदलल्या तरी नाती शाबूत राहतात. म्हणजे शब्दक्रमाला मोकळीक मिळाली ती विभक्तीमुळे आणि क्रियापदाच्या रूपामुळे, व्याकरण नसल्यामुळे नव्हे. "शिक्षक शिस्त घडवतात" आणि "शिस्त शिक्षक घडवते" या जोडीत एकाही नामाला प्रत्यय नाही, फक्त क्रियापदावरून कर्ता कोण ते कळतं. आणि क्रियापदानेही सोडवणूक केली नाही तर? "गाव पाणी वाचवते." "पाणी गाव वाचवते." दोन्ही नामं नपुंसकलिंगी, एकवचनी, प्रत्ययाविना. क्रियापद दोन्हीकडे सारखंच. पहिल्या वाक्यात गावकऱ्यांनी बंधारा बांधलाय. दुसऱ्यात बंधाऱ्याने गाव तगवलंय. इथे अर्थ ठरवणारी एकच गोष्ट उरते: कोण आधी आलं. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम म्हणजे शाळेतली निव्वळ औपचारिकता नव्हे; बाकीच्या खुणा संपल्या की भाषा त्याच्यावरच टेकते.

"ही" आणि "च" कुठे ठेवायचे याने काय होतं ते तर कुणालाही करून पाहता येईल. "मीच पैसे दिले" आणि "मी पैसेच दिले" यात एका अक्षराची जागा बदलली आणि तक्रारच वेगळी झाली.

आता इंग्रजांनी लादल्याचा मुद्दा. यात अर्धा इतिहास आहे, म्हणून जरा सावकाश पाहू. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरहून निघालं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ चं. शब्दांच्या आठ जातींची जी मांडणी आपण शाळेत शिकलो ती इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर आली, हे मान्यच आहे. इंग्रजीकडे ती लॅटिनमार्गे ग्रीकांकडून आली होती. पण मराठीचा विचार तिथे सुरू झाला नाही. महानुभाव पंथातल्या भीष्माचार्यांचा 'पंचवार्तिक' हा व्याकरणविषयक ग्रंथ इंग्रजी राजवटीच्या कितीतरी शतकं आधीचा आहे.

शिवाय आठ जाती म्हणजे मराठी व्याकरणाचा एक कोपरा. विभक्ती, कारक, संधी, समास ही सगळी चौकट संस्कृत परंपरेतली आहे. पाणिनीची सुमारे ४००० सूत्रं किंवा प्राचीन भाषाभ्यासक यास्काने केलेले नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात (अव्ययं) हे चार वर्ग, हे काही लंडनहून आलेलं नाही. आणि मराठीचा जो खरा कणा, म्हणजे कर्तरी (क्रियापद कर्त्याप्रमाणे), कर्मणी (कर्माप्रमाणे), भावे (कुणाप्रमाणेच नाही) हे प्रयोग, त्यांत क्रियापद जसं वागतं तसं इंग्रजीत वागतच नाही. "पोलिसांनी चोर पकडला" यात क्रियापद चोराप्रमाणे. "पोलिसांनी चोराला पकडलं", "चोरांना पकडलं", "चोरणीला पकडलं": कर्माला "ला" किंवा "ना" लागल्याबरोबर क्रियापदाने कुणाचंच ऐकायचं सोडलं आणि ते नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर झालं. "तू पोळी खाल्लीस" यात तर ते दोघांचंही ऐकतं: पोळीसाठी "ली", तुझ्यासाठी "स". हे इंग्रजीतून उचलणार कसं? तिथे आहेच काय उचलायला?

तर्खडकरांच्या मांडणीवर वाद घालणारेही मराठीच होते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यावर निबंध लिहिले, १९११ साली मोरो केशव दामल्यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या जाडजूड ग्रंथात सगळ्याची नव्याने छाननी केली, पुढे अरविंद मंगरूळकरांनी पुनर्विचार मांडला. आठ जातींची वाटणी मराठीला नीट बसत नाही असं कुणाला वाटत असेल तर या परंपरेत त्याचं स्वागत आहे. पण त्यासाठी आधी ती वाटणी समजून घ्यावी लागेल.

चौथा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामागे खरं दुखणं आहे. "मले भूक लागली" म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसतात. "मी काम केलो" म्हणणाऱ्या सोलापूर-नांदेडकडच्या मुलीला पुण्याच्या वसतिगृहात टोमणे मिळतात. हे घडतं, आणि ते अन्यायाचं आहे. पण हसणारा हसतो तो व्याकरण येतं म्हणून नव्हे, येत नाही म्हणून.

वऱ्हाडीत मले, तुले, त्याले, गावाले. मालवणीत माका, तुका, झिलाक, घराक. प्रमाण मराठीत मला, तुला, मुलाला, घराला. प्रत्यय वेगळा, पण तो लावायची पद्धत तेवढीच काटेकोर. "मले भूक लागली" आणि "मला भूक लागली" या वाक्यांचा सांगाडा एकच आहे: लागली हे भुकेप्रमाणे स्त्रीलिंगी झालंय, आणि ज्याला भूक लागली तो चतुर्थीत, म्हणजे "ला" किंवा "ले" लागलेल्या रूपात आहे. "मी काम केलो" हेही गबाळेपण नाही. त्या पट्ट्यात शेजारी कन्नड आणि तेलुगू आहेत. त्या भाषांत भूतकाळातही क्रियापद कर्त्याचंच ऐकतं. तिथल्या मराठीने तोच नियम घेतला. कर्मणीच्या जागी कर्तरी आला, आणि तो नियमाने आला.

ज्या शिक्षकाला हे दिसतं तो त्या मुलीला म्हणू शकतो: तुझ्या घरच्या मराठीत क्रियापद कर्त्याकडे पाहतं, पुस्तकातल्या मराठीत ते कर्माकडे पाहतं; परीक्षेत दुसरं लिही, घरी पहिलं बोल. तिला दोन्हींचा नियम कळतो आणि मान खाली घालावी लागत नाही. ज्याला दिसत नाही तो फक्त लाल पेनाने गोल काढतो. व्याकरण काढून टाकलं तर त्या मुलीकडे उरेल काय? प्रमाण मराठी घरी बोलणाऱ्यांना ती आयती मिळालेली असते. व्याकरण नाही शिकवलं तर नुकसान त्यांचं कमी, हिचं जास्त. गावाकडची म्हातारी माणसं अजून "म्या पाहिलं" म्हणतात. ते अशुद्ध तर नाहीच, उलट ते "मी" चं जुनं तृतीयेचं, म्हणजे "ने" चा अर्थ असलेलं रूप आहे. "मी आंबा खाल्ला" मधल्या "मी" ला "ने" का लागत नाही, या प्रश्नाचं उत्तर त्या "म्या" त आहे.

मोबाइलबद्दल थोडक्यात. तो शब्द तपासतो. "शिक्षकाचा सत्कार" आणि "शिक्षकांचा सत्कार" हे दोन्ही त्याला मान्य आहेत. सत्कार एकाचा होता, अनेकांचा होता, की एकाचाच पण आदराने लिहायचं होतं, हे लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं. "रस्ता ओलांडून ट्रकने पादचाऱ्याला धडक दिली" या वाक्यातही त्याला बहुधा काही खटकणार नाही. "ऊन" लागलेल्या रूपाचा कर्ता मुख्य वाक्याचाच कर्ता असतो, तेव्हा इथे रस्ता ट्रकने ओलांडला. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं "रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याला".

राहिली संदेशातली एक तक्रार, जी तो नीट मांडत नाही पण जी त्याच्या मुळाशी आहे: शाळेत व्याकरण कंटाळवाणं होतं. हे शंभर टक्के खरं आहे. "स, ला, ते" चा तक्ता घोकायचा, व्याख्या जशीच्या तशी उतरवायची, आणि स्पर्धा परीक्षेच्या वर्गात तर "कर्त्याला ने लागला की कर्मणी" अशी युक्ती पाठ करायची. ती युक्ती "मी आंबा खाल्ला" इथे पडते, "पोलिसांनी चोराला पकडलं" इथेही पडते, आणि मुलाला वाटतं की व्याकरणच असं विचित्र आहे. दोष शिकवण्यात आहे, आणि तो दूर करता येतो.

चौथी-पाचवीच्या वर्गात फळ्यावर "आज मोठा आंबा पिकला" लिहा. आंब्याच्या जागी चिंच घाला, मग केळं, मग आंबे. काय काय बदललं ते मुलांनाच विचारा. "मोठा" बदलतो, "पिकला" बदलतो, "आज" ढिम्म हलत नाही. विकारी आणि अविकारी ही नावं त्यानंतर सांगा, आधी नाही. कुणीतरी हमखास विचारतं की "लाल आंबा, लाल चिंच" यात लाल का बदलत नाही. मग विशेषणांची यादी मुलांनीच करायची: पिवळा, चांगला, कच्चा एका बाजूला, लाल, सुंदर, हुशार, गोड दुसऱ्या बाजूला. पहिल्या बाजूच्या सगळ्यांच्या शेवटी आ आहे, हे सहसा मागच्या बाकावरचं मूल आधी ओळखतं. त्यावर दुसरं एखादं "जादा" आणि "ताजा" घेऊन येतं, आणि "ताजा आंबा, ताजी भाजी" म्हणायचं पण "जादा आंबा, जादा भाजी" असं का, यावर पुढचा तास जातो.