चीक बुडाला लागला तेव्हा

मागच्या एप्रिलात कुरडयांचा चीक शिजवताना मी एका हातात मोबाईल धरला होता. तीन दिवस भिजवलेला, रोज पाणी बदललेला गहू वाटून, गाळून काढलेला चीक. आधणात सोडला की हात थांबवायचा नाही, नाहीतर गुठळ्या. मला मात्र वाफेचा शॉट पाहिजे होता. पातेलं खाली लागलं, करपट वास सगळ्या चिकाला लागला. मागून सासूबाई म्हणाल्या, "व्हिडिओ काढायलीस का चीक घोटायलीस? एक काय ते कर."

रील टाकली तरीही. तीपण चालली नाही!

आमचा लातूरला घरगुती धंदा आहे. येसर (आमटीला लावायचं भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ), काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि उन्हाळ्यात वाळवण. एका मार्केटिंगवाल्यानं सांगितलं होतं, रोज एक पोस्ट, नाहीतर लोक विसरतात. तीन महिने मी ते इमानेइतबारे केलं. २१ मे ला आंतरराष्ट्रीय चहा दिनाच्या शुभेच्छासुद्धा दिल्या. डोक्यावर लातूरचं मे महिन्यातलं ऊन, गल्ली टँकरची वाट बघतेय, आणि मसालेवाली बाई चहाच्या कपाचं पोस्टर टाकतेय. लाइक आले ते नणंदेचे आणि मावसभावाचे. त्याच आठवड्यात पुण्याच्या एका ताईंचा दोन किलो येसरचा मेसेज दोन दिवस न वाचता पडून राहिला. त्यांनी दुसरीकडून घेतलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. आपल्यासारख्यांनी पोस्ट कधी टाकायची हे गिऱ्हाइकाचा सण आणि खिसा बघून ठरवावं. आमच्याकडं सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या आसपास हातात येतो. महालक्ष्म्यांच्या (गौरींच्या) आधी पंधरा दिवस मसाल्याची विचारणा सुरू होते. लग्नसराईत रुखवतासाठी शेवया-कुरडया लागतात. जूनमध्ये क्लाससाठी पोरं लातूरला खोली करून राहतात, त्यांच्या आया चटणी विचारतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात या तारखांच्या आधी पेन्सिलनं खूण केली, तेवढंच माझं वर्षाचं नियोजन. महिन्याला सात-आठ पोस्ट होतात. श्रावणात त्याहून कमी.

व्हिडिओ मात्र काम चालू असताना काढून ठेवायचे. कुरडया गच्चीवर वाळतात त्या एप्रिल-मेमध्ये, विकायच्या असतात पुढं कितीतरी महिने. मिरच्या भाजताना सगळं घर खोकतं, ते एकदाच घ्यायचं. रविवारी दुपारी तासभर बसून पुढच्या दोन आठवड्यांच्या पोस्ट मेटा बिझनेस सूट या फेसबुक-इन्स्टाच्या अॅपमध्ये वेळ लावून ठेवते. फुकट आहे, मोबाईलवर होतं. मग लाइट गेली काय आणि पाहुणे आले काय, पोस्ट आपली आपण जाते.

आणि रीलपेक्षा व्हॉट्सअॅपकडं लक्ष द्या, बायांनो. ब्रॉडकास्टच्या (एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा पाठवायच्या) एका यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. हे मला फार उशिरा कळलं. आता प्रत्येक पाकिटात चिठ्ठी टाकते, 'नंबर सेव्ह करा'. दर आणि पत्ता विचारणाऱ्यांसाठी व्हॉट्सअॅप बिझनेसवर क्विक रिप्लाय, म्हणजे तयार उत्तरं, लावून ठेवलेत.

माझी सगळ्यात जास्त बघितली गेलेली पोस्ट कोणती, तर येळवशीची, म्हणजे वेळ अमावास्येची. चाळीस सेकंद. ज्वारीच्या रानात कडब्याची कोप (खोपी), पुढं पांडव म्हणून मांडलेले दगड, आंबिलाचं मडकं. मसाल्याचा एक शब्द नव्हता त्यात. पुण्या-मुंबईला असलेल्या आपल्या माणसांनी खाली त्या दिवशीच्या भज्जीच्या (मिसळ भाजीच्या) आठवणी लिहिल्या आणि चार जणांनी येसर मागवला. अशी पोस्ट वर्षातून एकदाच जमते, दर आठवड्याला कोप कुठून आणायची?

यंदाचा गहू काल भिजवलाय. आज-उद्या पाणी बदलायचं, परवा वाटायचा. या वेळी मोबाईल लेकीच्या हातात असणार. सासूबाईंनी परवानगी दिलीय, पण अट घालून: "हात दिसले तर दिसू दे, तोंड दिसलं नाही पाहिजे."